तंजावर आणि अंदमान एकाच सुट्टीत: बडोद्याहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

रावपुऱ्याच्या टॉवरखालून आपण दिवसातून चारदा जातो, सिग्नलला थांबतो, हॉर्न वाजवतो, पण हा टॉवर कुणाच्या नावाचा असं विचारलं तर निम्मे बडोदेकर गप्प. चिमणाबाई टॉवर, १८९६ चा. या चिमणाबाई म्हणजे सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब, आणि त्यांचं माहेर तंजावरचं. १८८० मध्ये लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आणि वादकही बडोद्याला आले, म्हणजे आपल्याकडे भरतनाट्यम आलं ते राणीच्या माहेरून आलं. मला हे कळल्यापासून तंजावर डोक्यात होतं. मुलाला समुद्र हवा होता, सासूबाईंना सेल्युलर जेल बघायची होती आणि नवऱ्याला काहीच नको होतं, फक्त झोप. हे चारही एका ट्रिपमध्ये नीट बसतं, फक्त ऑर्डर चुकवायची नाही. आम्ही पहिल्यांदा शेवटच्या दिवसाचं गणित चुकवलं होतं, ते पुढे सांगते.

ऑर्डर म्हणजे काय तर आधी देवळं आणि राजवाडा, मग समुद्र. उलटं केलंत तर बीचवर आठ दिवस लोळून आल्यावर चोळांच्या देवळात कुणाचे पाय वळत नाहीत. शिवाय समुद्राचा भाग बेभरवशाचा असतो, फेरी रद्द झाली की पुढचं सगळं पत्त्यांसारखं कोसळतं, म्हणून त्याच्या पुढे काही ठेवायचंच नाही. दोन्हीच्या मध्ये चेन्नई. तंजावर चेन्नईच्या दक्षिणेला, पोर्ट ब्लेअरचं विमान चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांचं, त्यामुळे नकाशावर विचित्र दिसतं तेवढं काही नाही.

तारीख

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. मला माहितीये की शाळेला तीन आठवडे सुट्टी तेव्हाच असते आणि अख्खं गुजरात तेव्हाच फिरायला निघतं, पण आपला पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, आणि बंगालच्या उपसागरात वादळंही याच दिवसांत होतात. मे-जून पण नको, अंदमानात पाऊस मे मध्येच येतो आणि तंजावरला मे मध्ये दगडी अंगणात पाऊल ठेवून दाखवा.

उरतं जानेवारीचा शेवट ते मार्च. उत्तरायण सोडून कुठलाच बडोदेकर कुठे जात नाही, त्यामुळे पतंग उडवून, उंधियू खाऊन, वाशी उत्तरायण पण उरकून मग निघा. तोपर्यंत तिकडचा पोंगल संपलेला असतो, त्या आठवड्यात तमिळनाडूत ट्रेनची तिकिटं मिळणं मुश्किलच. घरात दहावी-बारावी असेल तर मार्च गेलाच, मग एप्रिलचा पहिला आठवडा, पण टोपी आणि ताक हाताशी ठेवून.

दिवस किती? आरामात करायचं असेल तर ११ रात्री. तंजावर ३, चेन्नई १, पोर्ट ब्लेअर १, मग अंदमानातलीच दोन बेटं, हॅवलॉक ३ आणि नील २, आणि परत पोर्ट ब्लेअर १. एवढी रजा नसेल तर नील गाळा, पण प्लीज तंजावर दीड दिवसात कोंबू नका आणि पोर्ट ब्लेअरची शेवटची रात्र तर अजिबात कापू नका.

बुकिंग उलट्या बाजूने करायचं

आपण काय करतो, घरापासून सुरू करतो, आधी बडोदा-मुंबई, मग पुढचं. इथे उलटं. सगळ्यात महाग आणि सगळ्यात आधी भरणारं तिकीट चेन्नई-पोर्ट ब्लेअरचं, ते जाण्यायेण्याचं आधी घ्या. एक लक्षात ठेवा, पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजय पुरम झालंय, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप हे २०१८ पासून आहे, तर बुकिंग करताना कुठे जुनं नाव दिसेल कुठे नवं, घाबरू नका, जागा त्याच. बोलताना तिथले लोकही जुनीच नावं घेतात. विमानतळाचा कोड आयएक्सझेड, तो बघून खात्री करा.

मग फेरी. बेटांमध्ये दोन प्रकारच्या बोटी चालतात, सरकारी आणि प्रायव्हेट. सरकारी स्वस्त, हळू, तिकीट मिळवायला कटकट, पण डेकवर उभं राहून वारा खाता येतो. प्रायव्हेट म्हणजे एसी कॅटामरान, विमानासारख्या सीटा, हॅवलॉकला दीड-दोन तासांत पोचवतात. सोबत म्हातारी माणसं असतील तर प्रायव्हेट, आणि सकाळची पहिली फेरी, कारण दुपारनंतर बऱ्याचदा समुद्र जास्त हलतो. तिकिटावरची नावं आधारवर आहेत तशीच हवीत आणि ओरिजिनल ओळखपत्र जवळ ठेवा. भारतीयांना या बेटांसाठी परमिट लागत नाही, कुणी परमिटचे पैसे मागितले तर हात जोडा. निकोबार मात्र पर्यटकांना बंद.

मग राहायचं बघा, मग तंजावर, आणि बडोद्याहून चेन्नई सगळ्यात शेवटी. विमानाने मुंबई किंवा दुसरीकडे कुठेतरी बदलून जावं लागतं. ट्रेन आवडत असेल तर नवजीवन आहेच, अहमदाबादहून निघते, रात्री बडोद्याला येते आणि तीसेक तासांत चेन्नई. थेपले, लीला चिवडा, भाकरवडी आणि एक पूर्ण दिवस खिडकी, मला तरी विमानापेक्षा हे बरं वाटतं, नवऱ्याला नाही.

आता आमचा किस्सा. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका एजंटने सगळं पॅकेज बनवून दिलं होतं, दिसायला एकदम मस्त, शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून फेरी आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान. त्या दिवशी समुद्र खवळला, फेरी रद्द. जेट्टीवर दीडशे माणसं बॅगांवर बसलेली, कुणाला काही सांगता येईना, एजंट फोन उचलेना, आणि विमान आमच्याशिवाय गेलं. पुढचं चेन्नई-मुंबई तिकीट वेगळं काढलेलं, त्यामुळे तेही बुडालं, कारण वेगळ्या तिकिटांची जबाबदारी कुठलीच विमान कंपनी घेत नाही. म्हणून म्हणते, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. याच कारणाने चेन्नईलाही एक रात्र विमानतळाच्या जवळ झोपा, पहाटेची ट्रेन पकडून सकाळचं विमान गाठू वगैरे हिशोब करू नका.

तंजावर

चेन्नईहून दोन रस्ते. एग्मोर स्टेशनवरून उळवन एक्सप्रेस रात्री निघून सकाळी थेट तंजावरला सोडते, किंवा त्रिचीपर्यंत विमान नाहीतर वंदे भारत आणि तिथून टॅक्सीने किंवा बसने साठेक किलोमीटर. त्रिची-तंजावर बसा सतत असतात. हॉटेल जुन्या बस स्टँडच्या आसपास घ्या, तिथून देऊळ आणि राजवाडा दोन्ही जवळ पडतात. रिक्षावाल्याला बृहदीश्वर म्हणून समजलं नाही तर 'पेरिय कोविल' म्हणा, मोठं देऊळ, लगेच मान हलवतो.

देवळात दोनदा जायचं. एकदा सकाळी उघडताना आणि एकदा संध्याकाळी. मधे दुपारी साधारण साडेबारा ते चार गाभारा बंद असतो, आणि खरं सांगायचं तर ते बरंच आहे, कारण चपला बाहेर काढाव्या लागतात आणि एक वाजता तो दगड तवा झालेला असतो. मी पहिल्या दिवशी साडेबाराला अंगण ओलांडलं, नाचतच. पिशवीत जाड मोजे ठेवा, सगळे स्थानिक लोक हसतील, हसू दे.

राजराज चोळाने बांधलेलं हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण झालं, सगळं ग्रॅनाइटचं, आणि तंजावरच्या जवळपास ग्रॅनाइटच्या खाणी नाहीत, सगळा दगड लांबून आणलेला. विमान म्हणजे शिखर, साठ मीटरच्या वर. गाईड दोन गोष्टी हमखास सांगतील, वरचा दगड ऐंशी टनांचा एकच आहे, आणि शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. पहिल्याचं मला माहीत नाही, दुसरं चक्क खोटं, मी त्याच सावलीत बसून पाणी प्यायले. नंदी मोठा आहे, एका दगडाचा, पण तो चोळांच्या वेळचा नाही, नंतर, मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळात आलेला.

आता मराठी माणसाने इथे काय शोधायचं ते. आत गेल्यावर लोक सरळ गाभाऱ्याकडे धावतात, तुम्ही देवळाभोवतीच्या ओवरीत शिरा, जिथे ओळीने शिवलिंगं मांडलेली आहेत, आणि नैऋत्य कोपऱ्याकडे चालत जा. चारही बाजूंना तमिळ अक्षरांचे लेख बघून बघून डोळे थकलेले असतात आणि एकदम भिंतीवर देवनागरी. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, संपतच नाही. हे भोसले वंशचरित्र, सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेलं, मराठीत, शहाजीराजे-शिवाजीराजे-एकोजीराजे आणि पुढे त्यांच्यापर्यंतचा सगळा इतिहास. देशातला सगळ्यात मोठा मराठी शिलालेख हाच असं म्हणतात. वाचायला सोपं नाही, शब्द तोडलेले नाहीत, भाषा जुनी. आई, म्हणजे सासूबाई, चष्मा कपाळावर चढवून भिंतीपासून वीतभर अंतरावर उभ्या राहिल्या, बोट हवेतच अक्षरावरून फिरवत, हात न लावता, "भो... सले... भोसले!" असं मोठ्याने वाचलं आणि मागून येणारी तमिळ बाई थबकून त्यांच्याकडे बघायला लागली. अर्धा तास एका ओळीतून दुसऱ्या ओळीत. मुलगा म्हणाला आजी तू आता इथेच राहा. तर या भिंतीसाठी वेळ ठेवा, आणि सकाळी जा, तेव्हा उजेड तिरका येतो आणि अक्षरं उठून दिसतात.

एकोजी म्हणजे व्यंकोजी, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, त्यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तिथे होती. या सगळ्याचा दुसरा अर्धा भाग राजवाड्यात. राजवाडा मूळ नायकांचा, मग मराठ्यांनी वाढवला. आपल्या लक्ष्मी विलासची सवय असलेल्यांना पहिल्या नजरेत पडका वाटेल, पण दरबार हॉलचे खांब आणि रंगवलेल्या कमानी नीट बघा, आणि कलादालनातल्या चोळ ब्राँझमूर्तींसाठी किमान एक तास. नटराज फोटोत शंभर वेळा बघितलेला असतो, समोर उभं राहिल्यावर त्याच्या उचललेल्या पायाची बोटंसुद्धा ताणलेली दिसतात.

त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय. सुरुवात नायकांची, पण खरं वाढवलं सरफोजींनी, ताडपत्रं, संस्कृत-तमिळ-तेलुगू-मराठी पोथ्या, आणि मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे. विष्णुदास भावे १८४३ मध्ये सांगलीला नाटक करायच्या कितीतरी आधी या तंजावरच्या राजांनी मराठीत नाटकं लिहिली होती. सरफोजी स्वतः युरोपियन डॉक्टरांबरोबर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये रस घ्यायचे, पेशंटच्या डोळ्यांची चित्रं काढून नोंदी ठेवलेल्या आहेत, आमच्या घरी एक मोतीबिंदू नुकताच झालेला असल्यामुळे तिथे बरीच चर्चा झाली. फक्त अपेक्षा कमी ठेवा, पर्यटकाला म्युझियमचा छोटा भाग बघायला मिळतो, कपाटं अभ्यासकांसाठी. सुट्टीचा वार आणि वेळ हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी विचारून घ्या.

शहरात तंजावर मराठी बोलणारी घरं अजून आहेत, नावापुढे राव लावणारी. एक आजोबा राजवाड्याच्या दारात आमचं बोलणं ऐकून थांबले. त्यांची मराठी पहिल्या दोन वाक्यांत तमिळच वाटते, मग एखादा शब्द ओळखीचा लागतो आणि मग पुढचं सगळं उलगडतं. त्यांना आमची मराठी पण तशीच लागली असणार, त्यात आमच्या बोलण्यात निम्मं गुजराती.

जेवणाचं काही टेन्शन नाही, दुपारी केळीच्या पानावरचं साप्पाड, संध्याकाळी डोसा. सांबार हे संभाजी महाराजांच्या नावावरून तंजावरच्या मुदपाकखान्यात जन्मलं ही गोष्ट इथे प्रत्येक मराठी माणसाला कुणीतरी ऐकवतंच, पुरावा काही नाही, पण ऐकून छान वाटतं आणि दुसरी वाटी मागवली जाते.

तिसरा दिवस दारासुरमचा. टॅक्सी करून कुंभकोणमच्या दिशेला, पाऊण-एक तास. ऐरावतेश्वराचं देऊळ मोठ्या देवळापेक्षा लहान, पण कोरीवकाम इतकं बारीक की मुलाने स्वतःहून मोबाईल झूम करून बघायला सुरुवात केली. पुढचा मंडप रथासारखा, चाकं आणि घोडे. तिथल्या ठोकल्यावर सूर काढणाऱ्या दगडी पायऱ्या आता जाळीत आहेत, वाजवायला मिळत नाहीत. येताना कुंभकोणमला डिग्री कॉफी, पितळेच्या डबरा-टंबलरमध्ये. एवढंच करा. त्या पट्ट्यात देवळं इतकी आहेत की ड्रायव्हर नऊ-दहा सुचवेल, ऐकू नका, तीन देवळांनंतर सगळी सारखी दिसायला लागतात आणि देवाचाही अपमान.

मोठ्या देवळातून निघायच्या आधी एक शेवटचं. राजराजाच्या मुलाचा, राजेंद्र चोळाचा लेख आहे इथे, त्यात समुद्रापलीकडे जिंकलेल्या मुलखांची यादी आहे आणि त्यात 'मा नक्कवारम' असं एक नाव येतं. नक्कवारम म्हणजे निकोबार. म्हणजे आपण चार दिवसांनी ज्या समुद्रात जाणार त्याचा पत्ता हजार वर्षांपूर्वी या भिंतीवर लिहिलेला आहे. मुलाला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा म्हणाला, ओके, हे कूल आहे.

पोर्ट ब्लेअर आणि जेल

चेन्नईचं काही लिहीत नाही, झोपा आणि सकाळचं विमान पकडा. खिडकीची सीट घ्या, उतरताना पाण्याचा रंग निळ्यातून हिरवा होतो.

पहिली गोष्ट घड्याळाची. अंदमान आपल्यापासून जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आणि घड्याळ मात्र तेच, म्हणजे सूर्याचा हिशोब साधारण सव्वा तास पुढे. बडोद्यात जानेवारीत सूर्य सव्वासातला उगवतो, तिथे पावणेसहाला, आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला मावळतो. आम्ही पहिल्या दिवशी चहा-बिहा घेऊन साडेपाचला सूर्यास्त बघायला निघालो तर बाहेर अंधार. सगळं एक-दीड तास आधी सरकवा, उठणं पण. नवऱ्याची झोप पावणेसहाला मोडली त्यावर तो अजून बोलतो.

जेल त्याच दुपारी करा, किमान दोन तास. १८९६ ते १९०६ बांधकाम, मधला मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात विंगा, आता तीनच उभ्या. प्रत्येक विंगेच्या कोठड्या पुढच्या विंगेच्या पाठीकडे तोंड करून, म्हणजे कैद्याला कैदी दिसूच नये. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर शेवटी, जिने चढावे लागतात, गुडघे दुखणाऱ्यांनी हळू. त्यांचे मोठे भाऊ बाबाराव याच जेलमध्ये होते. खाली तेलाचा कोलू ठेवलाय, बैलासारखं माणसाला जुंपून रोज ठरलेलं तेल काढून घ्यायचे. मुलगा त्या दांड्याला हात लावून नुसता उभा राहिला, काही बोलला नाही.

इथे पण बडोदं निघतं. नावांच्या पाट्यांवर बंगालच्या यादीत बारींद्रकुमार घोष शोधा, अलीपूर बॉम्ब खटल्यातले. हे अरविंद घोषांचे धाकटे भाऊ, आणि अरविंदबाबू १८९३ ते १९०६ आपल्या बडोदा संस्थानात नोकरीला, कॉलेजात शिकवायचे, दांडिया बाजारातलं अरविंद निवास त्यांचंच. बारींद्र भावाकडे बडोद्याला येऊन राहिलेले. आईंचं माहेर दांडिया बाजारातलं, त्या बंगल्यासमोरून आयुष्यभर गेलेल्या, त्यांनी ते नाव वाचलं आणि पाटीजवळच पायरीवर बसल्या.

संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोचं तिकीट आधीच काढून ठेवा, हिंदी शोला गर्दी होते. पावसाची शक्यता असेल तर छत्री, उघड्यावर बसायचं असतं.

बाराटांगची टूर सगळे एजंट गळ्यात मारतात, चुनखडीच्या गुहा वगैरे. मी तरी जाऊ नका म्हणेन. पहाटे उठून ताफ्यात गाड्या लावून जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जायचं, आणि गुहेचं नाव सांगून निम्मे लोक खिडकीतून माणसं बघायला जातात. फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे. ती त्यांची घरं आहेत, झू नाही.

बेटं

हॅवलॉकला जाताना फेरीत बसायच्या अर्धा-पाऊण तास आधी उलटीची गोळी, आपल्या डॉक्टरला विचारून ठेवलेली. पोट रिकामं पण नको आणि फाफडा-जलेबी ठासून पण नको.

हॉटेल कुठे घ्यायचं याचा घोळ सगळ्यांचा होतो. बहुतेक रिसॉर्ट पूर्वेच्या किनाऱ्यावर, गोविंदनगर-विजयनगरकडे, फोटोत सुंदर, पण ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायला काही उरत नाही, खडक आणि चिखलवट रेती. सूर्योदय मात्र खाटेवरून. पोहायचं ते राधानगरला, पश्चिमेला, जेट्टीपासून बारा किलोमीटरच्या आसपास. रांगेत उंच झाडं, पांढरी रेती आणि हळूहळू खोल होत जाणारं पाणी. तिथे दुपारी तीनलाच पोचा, सूर्यास्तानंतर लगेच काळोख पडतो. स्कूटर भाड्याने मिळते, लायसन्स विसरू नका. लाइफगार्ड शिट्टी वाजवेल तेव्हा बाहेर या, आणि मगरीची पाटी जिथे असेल, विशेषतः खाडी आणि खारफुटीच्या बाजूला, तिथे गुडघाभर पाण्यातही नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरंच आहेत, पाटी शोभेची नाही.

बडोद्याहून जाणाऱ्या पुरुष मंडळींना ड्राय स्टेटमधून बाहेर आल्याचा आनंद होतो हे मी समजू शकते, पण पिऊन पाण्यात उतरायचं नाही, एवढं एक घरातल्या बायकांनी बघायचं.

स्कूबा करायचं असेल तर पोहता यायला हवं असं नाही, इन्स्ट्रक्टर धरून नेतो. फॉर्मवर दमा, बीपी, कानाचा त्रास लपवू नका. आणि डाइव्ह केल्यावर पुढचे चोवीस तास विमानात बसायचं नाही, म्हणून स्कूबा ट्रिपच्या सुरुवातीला, शेवटी नाही. आई आणि मी नीलला भरतपूर बीचवर काचेच्या तळाच्या बोटीत बसलो, पाय पण ओले नाही झाले आणि कोरल बघून झाले.

नील लहान, शांत, भाजीपाल्याची शेतं, बंगाली वस्ती, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्यांची गावं. हिंदी सगळीकडे चालते. बीचची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, अर्धं रामायण. लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, ती फक्त ओहोटीला नीट जवळून बघता येते, हॉटेलवाल्याला त्या दिवशीची वेळ विचारा. कालनिर्णयमध्ये अमावस्या-पौर्णिमा बघून ठेवली तर आणखी बरं, त्या आसपास ओहोटीला पाणी जास्त मागे जातं आणि कमानीखालची डबकी उघडी पडतात. आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो, एका डबक्यात मुठीएवढा समुद्री खेकडा मुलाच्या चपलेवर चढला आणि दोघांनी एकमेकांकडे बघून सारखीच उडी मारली.

बाकी बारीकसारीक. एटीएम पोर्ट ब्लेअरलाच गाठा, बेटांवर मोजकी आणि कधी रिकामी. समुद्राखालून केबल टाकल्यावर, २०२० नंतर, नेट बरंच सुधारलंय, तरी तिकिटांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, जेट्टीवरच नेमकं गोल गोल फिरतं. संध्याकाळी रेतीत बारीक माश्या चावतात, सँडफ्लाय, दिसत नाहीत पण पाय दोन दिवस खाजतात, खोबरेल तेल चोपडून बसा. चपला पाण्यात चालतील अशा घ्या, कोरल कापतं. जैन जेवण हवं असेल तर हॉटेलला आदल्या दिवशी सांगा, आयत्या वेळी मिळणार नाही. शिंपले आणि कोरल उचलून आणायचे नाहीत, एकही नाही, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात आणि वर कायद्याची केस.

आणि तंजावरला डुलणारी बाहुली घेणारच असाल, तलैयाट्टि बोम्मई, ती मान आणि कंबर हलवणारी, तर ती घेऊन बेटांवर फिरू नका. आम्ही ती चेन्नईच्या हॉटेलवाल्याकडे खोक्यात घालून ठेवली आणि परत येताना उचलली, पाच-सहा पदरी वर्तमानपत्रात गुंडाळून, तीन तुकड्यांत, डोकं वेगळं, धड वेगळं, घागरा वेगळा. मुंबईला सिक्युरिटीवाल्याने स्क्रीनवर ते वेगळं डोकं बघितलं आणि खोकं उघडायला लावलं. आईंनी तिथेच काउंटरवर बाहुली जोडून त्याला हलवून दाखवली.